शेवटच्या नंबराचं मानपत्र

नाही, मला एक सांगा, 'छान प्रयत्न' ही शिवी नाही तर काय आहे? एखाद्यानं तोंडावर सांगितलं की बाबा रे, तुझं चित्र भिकार आहे, तर माणूस निदान भांडू तरी शकतो! पण 'छान प्रयत्न' म्हटल्यावर काय करणार? 'थँक्यू' म्हणावं लागतं! आणि वर तो पिवळा हसरा चेहरा पाठवावा लागतो, बत्तिशी दाखवणारा! मी तुम्हाला सांगतो, गेल्या वर्षात मी फोनवरून जेवढे हसरे चेहरे पाठवलेत ना, तेवढा उभ्या जन्मात हसलेलो नाही. पण बोलायची सोय नाही. का? तर म्हणे, स्पर्धा मैत्रीपूर्ण आहे!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हीही 'छान प्रयत्न' म्हणाल.

मी छापखान्यात डिझायनर. एक नाही, दोन नाही, बावीस वर्षं! व्हिजिटिंग कार्ड म्हणू नका, बिलबुक म्हणू नका, खोकल्याच्या औषधाचं लेबल म्हणू नका... आमच्या रस्त्यानं चालत जा, न्हाव्यापासून चष्मेवाल्यापर्यंत प्रत्येक पाटी माझी. चष्मेवाला तर परवा म्हणाला, "तुमच्या पाटीमुळेच माझं दुकान चालतं हो!" मला इतकं बरं वाटलं! मग पुढे म्हणाला, "लोकांना ती वाचता येत नाही, त्यांना वाटतं आपली नजर गेली, ते सरळ आत येतात." आता बोला! अहो, पाटीवर जागा आहे तर वापरायला नको? रिकामी सोडायची? आमचे मालक पहिल्या दिवसापासून सांगत आले, कागद फुकट येत नाही, भरा! बावीस वर्षं मी भरतोय. कडेला वेल, वेलीत फुलं, फुलांत पाखरं, आणि जिथे काहीच मावत नाही तिथे एक चांदणी. ती माझी सही समजा.

तर झालं काय, माझी पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आडवे पडा. आडवा माणूस काय करणार? बायकोच्या चुका काढणार. दोन दिवसांत ही वैतागली आणि कन्येला म्हणाली, "तुझ्या बाबांना काहीतरी लावून दे, नाहीतर मी माहेरी जाते." कन्येनं माझ्या फोनवर एक गेम घालून दिला. आपला किल्ला बांधायचा, आपली टोळी करायची आणि दुसऱ्या टोळ्यांचे किल्ले जाळायचे. मला तर आवडलाच. नाव काय घेऊ? म्हटलं, घ्यायचं तर दणदणीत घ्यावं, 'सेनापती'! दुसऱ्याच दिवशी टोळीतल्या कुणीतरी वय विचारलं, मी भोळेपणानं खरं सांगितलं, आणि तिथून माझा सेनापतीकाका झाला! अहो, सेनापतीला कुणी काका म्हणतं का? मी तलवार उपसून दारात उभा, समोरून शत्रू येतोय, आणि मागून आवाज, "काका, तुम्ही जरा बाजूला बसा, उगाच लागेल तुम्हाला!"

आमच्या टोळीची प्रमुख म्हणजे एक ताई. दातांची डॉक्टर. आवाज असा गोड की ऐकूनच दात किडावेत! लढाई हरलो की सगळे एकमेकांना शिव्या घालायचे, तेव्हा या ताईंच्या डोक्यातून निघालं की लढाया नसतील त्या रविवारी आपण चित्रांची स्पर्धा घेऊ. टोळीचं निशाण काढायचं. सगळ्यांनी आपापलं निशाण पाठवायचं, रविवारी चार वाजता सगळ्यांनी फोनवर एकत्र जमायचं, प्रत्येकानं प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे आणि दोन गोड शब्द बोलायचे. वाईट बोलायचं नाही. ताईंनी त्या सुरीसारख्या गोड आवाजात सांगितलं, "स्पर्धा मैत्रीपूर्ण आहे हं! कुणाला दुखणार नाही. अगदी मुंगी चावल्यासारखं." तेव्हाच मला कळायला हवं होतं! दातांचा डॉक्टर असं म्हणतो ना, तेव्हा पुढचं आपल्याला ठाऊक असतं की नाही?

आणि एक रीत काढली त्यांनी. हरलेल्याच्या मनात कडवटपणा राहू नये म्हणून म्हणे, जो शेवटचा येईल त्यानं पहिल्या आलेल्याला शंभर शब्दांचं मानपत्र लिहायचं! आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर ते मोठ्यानं वाचायचं! म्हणजे बघा, आधी गळा कापायचा आणि मग कापलेल्याकडूनच सुरीचं कौतुक करून घ्यायचं. पण मला काय त्याचं? मी मनात म्हटलं, बिचारे. त्यांना माहीत नाही त्यांच्यात बावीस वर्षांचा कसलेला माणूस बसलाय. मी तर हिला सांगूनही टाकलं, "बघ, ही पोरं उद्या माझ्याकडे शिकायला येतील." ही कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "येऊ देत, पण चप्पल बाहेर काढायला सांगा."

पहिला रविवार. एकूण अठरा निशाणं. कुठली कुठली माणसं, तुम्हाला सांगतो! एक हिशेबनीस होता, दर वेळी लांडगाच काढायचा. लांडगा कसला, गालगुंड झालेलं मांजर! एक शाळामास्तरीण होती, तिनं पट्टीनं समास आखून मधे एक ढाल काढलेली, ती ढाल बघून वाटावं आता हिच्याखाली रिकाम्या जागा भरा असा प्रश्न येणार. आणि एक ट्रकवाला! थंडगार ट्रकमधून भाजी नेतो. माल उतरवून होईपर्यंत स्टिअरिंगमागे बसून फोनवर नुसत्या अंगठ्यानं चित्र काढतो. नुसत्या अंगठ्यानं! म्हणून त्याचं नावच सगळ्यांनी 'अंगठा' ठेवलेलं. त्याचं निशाण काय? काळी पाटी, कोपऱ्यात एक छोटासा लाल कावळा. संपलं! मला वाटलं, बाकीचं यायचंय अजून. नेट स्लो असेल.

निकाल लागला. अंगठा पहिला. लांडगा पाचवा. ढाल अकरावी. आणि शेवटचा, अठरावा... तुम्ही हसा, हसा. मी! बावीस वर्षं! दोन सिंह, चार तलवारी, सूर्य, वेल, पाखरं आणि चांदणी, एवढं सगळं दिलेला मी! ताई म्हणाल्या, "काकांचा किती छान प्रयत्न!" मास्तरीण म्हणाली, "मेहनत दिसते हं." मेहनत दिसते! माणूस मेल्यावर असं बोलतात हो! आणि तो हिशेबनीस, "काका, तुमच्या निशाणात मला बघावं तेव्हा काहीतरी नवीन सापडतं. आत्ता एक पाखरू सापडलं." मी हसरा चेहरा पाठवला. काय करणार? स्पर्धा मैत्रीपूर्ण आहे.

बसलो मानपत्र लिहायला. आता मानपत्र म्हणजे माझ्या हातचा मळ! छापखान्यात माणसं यायची, हेडमास्तर रिटायर होतोय, मानपत्र छापायचंय, मजकूर काय घालायचा ते मात्र यांना सुचत नाही, मग तो मीच लिहून द्यायचो, सवयीनं. तसंच लिहिलं. इतका जळत होतो, तुम्हाला सांगतो, इतका जळत होतो, की जेवढा राग तेवढं कौतुक! 'हे कलावंता, ज्या हातानं हे निशाण घडलं त्या हाताचा आम्हाला केवळ अंगठा दिसला. उरलेल्या चार बोटांच्या दर्शनाचं भाग्य आम्हाला कधी लाभेल?' टोमणा होता हो तो! शुद्ध टोमणा! रविवारी वाचला. पलीकडे सामसूम. म्हटलं, बसला घाव! तर तो अंगठा हुंदके देतोय! "काका," म्हणाला, "माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललंच नाही."

आता अशा माणसाचं काय करायचं?

त्यानंतर ओळीनं तेरा स्पर्धा झाल्या. तेरा! पहिला येणारा बदलायचा, कधी अंगठा, कधी ताई, एकदा तर तो गालगुंडवाला लांडगा पहिला आला, पण शेवटचा नंबर म्हणजे माझ्या बापजाद्यांचा जणू! मी सिंह चार केले, शेवटचा. सूर्य दोन केले, शेवटचा. आणि दर वेळी मानपत्र. त्या लांडग्याला मी लिहिलं, 'याच्या नजरेत अवघ्या जंगलाची जबाबदारी दिसते.' मास्तरणीच्या ढालीवर लिहिलं, 'या ढालीमागे उभं राहिलं की शत्रूसुद्धा हात वर करून मगच बोलतो.' घरी कन्या विचारायची, "बाबा, आज कितवे?" आणि उत्तराची वाटही न बघता आईला सांगायची, "लिहायला बसलेत."

झोप उडाली माझी! हसण्यावारी नेऊ नका. छापखान्यात कंप्युटरसमोर बसलो की हात थांबायचा. साधं किराणा दुकानाचं कार्ड, पण मनात यायचं, मला हे येतं का खरंच? बावीस वर्षं कुणी सांगितलंच नाही म्हणून आपल्याला येतं असं वाटत राहिलं का? माणसाला दुसरं काय असतं हो? घर असतं, पाठ असते, आणि एक आपलं काम असतं. पाठ गेलेलीच होती.

शेवटी एकदा मी त्या अंगठ्याला सरळ फोन केला. म्हटलं, तू आईची शप्पथ घेऊन सांग, माझं काम इतकं वाईट आहे? ट्रकच्या इंजिनाचा घरघर आवाज. मग म्हणाला, "काका, रागावणार नसाल तर सांगतो. आम्ही ठरवून तुम्हाला शेवटचं टाकतो." म्हटलं, काय? म्हणाला, "अहो, तुमच्या मानपत्रासाठी! पहिलं येऊन करायचंय काय दुसरं? माझ्या आईनं तुमचं मानपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलंय, लग्नाचा फोटो काढून तिथे लावलंय! ताईंनी त्यांचं दवाखान्यात लावलंय, पेशंट तोंड उघडं ठेवून वाचतात. दुसरा कुणी शेवटचा आला तर तो चार ओळी खरडेल. म्हणून सगळे तुम्हाला शून्य देतो. प्रेमानं हो काका! स्पर्धा मैत्रीपूर्ण आहे ना!"

तुम्हाला सांगतो, मी नाचलो! पाठ धरलेली असून नाचलो! म्हणजे माझं काम वाईट नाही! कट होता कट! मी धावत स्वयंपाकघरात जाऊन हिला सगळं सांगितलं. हिनं शांतपणे ऐकून घेतलं, कणकेचा हात धुतला, आणि म्हणाली, "मग एकदा दुसऱ्या नावानं पाठवा की. म्हणजे कळेलच."

काय बाई आहे हो ही! मी सुखात होतो! निदान संध्याकाळपर्यंत तरी राहू द्यायचं होतं!

पण म्हटलं, होऊन जाऊ दे. कन्येकडून दुसरं खातं उघडून घेतलं. नाव ठेवलं 'नवखी'. आणि मी बसलो. अकरा दिवस! छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत, घरी जेवण झाल्यावर. अक्षर हातानं काढलं, ब्रशनं, जसं सुरुवातीला पाट्या रंगवताना काढायचो तसं. सहा सिंह, प्रत्येकाची आयाळ वेगळी. बुरुजावर बुरूज. वेल अशी की तिचं टोक सापडू नये. बावीस वर्षांत जे जे येत होतं ते ते सगळं त्या एका निशाणात ओतलं, आणि शेवटी चांदणी काढताना, खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं. ते पाठवलं नवखीच्या नावानं. आणि काकाच्या नावानं? काहीतरी पाठवायला तर हवं, नाहीतर संशय येणार. पाठवला कोरा कागद! पांढरा! नुसता! म्हटलं, द्या शून्य, प्रेमानं द्या!

रविवार. चार वाजले. मी दोन फोन घेऊन बसलो, एक माझा, एक कन्येचा. काकाचं निशाण आलं. कोरं. म्हटलं, आता बोलतील, काका, चित्र चढवायचं विसरलात. तर ताई, आवाज एकदम हळू, म्हणाल्या, "काका... हे तुमचं आजवरचं सर्वात चांगलं काम आहे."

म्हटलं, ऐकण्यात काही चुकतंय.

मास्तरीण म्हणाली, "शेवटी काकांनी जागा सोडली! किती मोठं धाडस!" हिशेबनीस म्हणाला, "मी बघतच राहिलो. पहिल्यांदाच डोळे दुखले नाहीत." आणि तो अंगठा, तो शपथेवर खरं बोलणारा, तो म्हणाला, "काका, मला माफ करा, आज ठरल्याप्रमाणे शून्य देववत नाही. मनाला पटत नाही." नऊ दिले! कोऱ्या कागदाला! दहापैकी नऊ! मी तिसरा आलो हो! बावीस वर्षांचा अनुभव घातला की अठरावा, आणि पूर्ण काढून घेतला की तिसरा!

मग नवखीचं निशाण. ताई म्हणाल्या, "नवीन आहेत, सांभाळून घ्या हं." म्हणजे काय ते कळलंच. मास्तरीण म्हणाली, "शिकण्याची इच्छा दिसते." हिशेबनीस म्हणाला, "मला एक विचारायचंय, हे निशाण आहे की गालिचा?" आणि अंगठा, "नवखीताई, तुम्ही आमच्या काकांचं आजचं काम बघा. त्यांच्याकडून शिका. तेही आधी असंच काढायचे." शेवटचा नंबर! कुणीही कट न करता, कुणीही न ठरवता, मनापासून, प्रामाणिकपणे, मैत्रीपूर्ण शेवटचा नंबर!

ही दारात उभी होती. नुसता चहा ठेवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं हो.

आता नवखीला मानपत्र लिहिणं भाग आलं. पहिला कोण? अंगठा! सोमवारी छापखान्यात बसलो लिहायला. म्हटलं, वाईट लिहू, कळायला नको. पण हात ऐकेना. अकरा दिवसांचं सगळं उतरलं त्यात. 'आम्ही कागद भरत राहिलो आणि तू तो मोकळा केलास. असा हात ज्या छापखान्याला लाभेल त्या छापखान्याच्या शाईचं सोनं होईल.' यात टोमणा नव्हता. पहिल्यांदाच नव्हता. लिहून मान वर केली तर मागे मालक उभे! वाचतायत! बावीस वर्षांत ज्या माणसानं 'बरं' यापलीकडे शब्द काढला नाही, तो म्हणाला, "वा!" माझी छाती ही एवढी झाली. मग म्हणाले, "कोण आहे हा माणूस? नंबर द्या."

दिला! मीच दिला! माझ्याच हातानं, सुवाच्य अक्षरात, बावीस वर्षांत माझ्या हातून तेवढं एकच सुवाच्य निघालं!

आता सगळी कामं तो करतो. येतसुद्धा नाही हो छापखान्यात! माल उतरतोय तोवर ट्रकमधून अंगठ्यानं पाठवून देतो. चष्मेवाल्याची पाटी बदलली. पांढरी पाटी, कोपऱ्यात एक चष्मा. लोकांना लांबून वाचता येते, म्हणून आत कुणी येत नाही, एवढंच काय ते मला समाधान. माझं टेबल खिडकीजवळून उचलून पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवलंय. मी मजकूर लिहितो. मालक म्हणाले, "तुमचं खरं काम हेच होतं, आपल्याला बावीस वर्षं कळलंच नाही." प्रेमानं म्हणाले. खांद्यावर हात ठेवून! तो अंगठाही रोज फोन करतो, "काका, तुमच्यामुळे झालं हो सगळं," आणि रडतो. रडका आहे तो.

आणि रविवारी त्या नवखीचं मानपत्र मी कन्येकडून वाचून घेतलं. ताई म्हणाल्या, "छान प्रयत्न! पण काकांची नक्कल वाटते हं. स्वतःचा सूर शोधा."

तर आता परवाचीच गोष्ट. मालकांनी बोलावलं, "डिझाइनच्या कामातून तुम्ही मोकळे झालात, तर आपण छोटासा सत्कार करू. मानपत्र देऊ तुम्हाला. अंगठा डिझाइन करतोय." म्हटलं, बरं. म्हणाले, "मजकूर तेवढा तुम्ही लिहा. तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार?"

लिहिलं! काय करता? घरी बसून लिहिलं. 'बावीस वर्षं ज्यांनी या रस्त्याला चेहरा दिला...' असं बरंच काही. नावाची जागा तेवढी सोडली, ते आपल्याच हातानं लिहायला कसंतरीच वाटलं. टेबलावर ठेवून तोंड धुवायला गेलो, परत येतो तर ही कागद हातात धरून उभी. डोळे भरलेले! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं काम बघून हिच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं. म्हणाली, "अहो, किती मोठा कलाकार असेल हो हा! कोण आहे? यात नाव घालायचं राहिलंय बघा."

मी कागद घेतला, घडी घातली. म्हटलं, "राहू दे. मोकळी जागाच चांगली दिसते म्हणतात."